छातीच्या सीटीत चरबी दिसली, आता पुढे काय?

रात्रीची ड्यूटी आहे. कॅज्युअल्टीतून छातीचा सीटी आला आहे आणि हृदयाच्या उजव्या बाजूला मुठीएवढी गाठ दिसते आहे. रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुणाच्याही मनात आधी लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) येतो, मग आणखी काहीबाही येतं, आणि रिपोर्टची शेवटची ओळ डोक्यात तयारही होते: बायॉप्सी करावी. अशा वेळी जरा हात आवरा आणि गाठीचा रंग बघा. शेजारच्या स्नायूंपेक्षा ती काळपट आहे का? त्याच रुग्णाच्या त्वचेखालच्या चरबीशी तिचा रंग जुळतो का? जुळत असेल तर केसची दिशाच बदलते. छातीत चरबी असणाऱ्या गाठी मोजक्या आहेत, त्यांतल्या बहुतेक साध्या आहेत, आणि कित्येकींचं निदान सुई न लावता सीटीवरच पक्कं करता येतं.

रेसिडेंटना हे शिकवताना मी एकच चूक पुन्हा पुन्हा पाहिली आहे: नाव आधी सुचतं आणि मोजमाप नंतर होतं. म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी ती खरोखर चरबी आहे याची खात्री, मग ती छातीत नेमकी कुठे आहे, मग चरबीसोबत आणखी काय आहे, आणि या सगळ्यात कुठेतरी उठून रुग्णाकडे जाऊन चार प्रश्न विचारणं.

पायरी १: एक्स-रे आणि जुनी फाइल

सीटी उघडण्याआधी छातीचा एक्स-रे मागवा. चरबीची गाठ एक्स-रेवर तिच्या आकाराच्या मानाने फिकी दिसते. एवढी मोठी सावली आहे, पण आतून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दिसताहेत, असं वाटलं की मनात नोंद करा.

माझ्याकडे एकदा पोलीस भरतीच्या मेडिकलमधून परत पाठवलेला एक तरुण आला होता. एक्स-रेवर हृदय छातीच्या दोन तृतीयांश रुंदीचं दिसत होतं. इको मात्र अगदी नॉर्मल, आणि मुलगा रोज पहाटे पाच किलोमीटर धावणारा. सीटीत हृदय नेहमीच्याच मापाचं होतं. त्याच्या दोन्ही अंगांनी पदर पांघरावा तशी चरबीची मोठी गाठ खाली डायफ्रॅमपर्यंत (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यापर्यंत) उतरली होती आणि वर थायमस या उरोस्थीमागच्या ग्रंथीच्या जागेशी जोडलेली होती. थायमोलायपोमा, थायमसमधली चरबीची साधी गाठ. एक्स-रे आणि इको यांचं जमत नसेल, तर मधली जागा चरबीने व्यापलेली असू शकते हे त्या केसने मला कायमचं शिकवलं.

जुना सीटी कुठे तरी असतोच, भले तो पोटाचा का असेना. पोटाच्या सीटीत छातीचा खालचा भाग येतो. चार वर्षांपूर्वीही गाठ तेवढीच होती हे कळलं की निम्मं काम झालं.

पायरी २: ती चरबीच आहे ना?

या पायरीवर घाई करू नका, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

सीटीत घनता हाउन्सफील्ड युनिटमध्ये, म्हणजे एचयूमध्ये, मोजतात. पाणी शून्य, हवा उणे १०००. सीटीवर रुग्णाच्या मेंदूचं पहिलं चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये काढलं गेलं आणि गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ साली अॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल मिळालं. मोजपट्टी तीच अजून चालते आहे. तिच्यावर चरबी साधारण उणे ४० ते उणे १२० या पट्ट्यात येते. स्नायू अधिक ४० ते ६०च्या आसपास, साधं पाणी भरलेली सिस्ट शून्य ते २०च्या जवळ.

मोजायचं कसं? कॉन्ट्रास्ट देण्याआधीची मालिका असेल तर तिच्यावर मोजा. एक ते दीड मिलिमीटरचे पातळ स्लाइस घ्या आणि सॉफ्ट टिश्यू कर्नलवर (कर्नल म्हणजे चित्र तयार करण्याची सेटिंग) मोजा. फुप्फुसाच्या तीक्ष्ण कर्नलवर कडा उठावदार करण्याच्या नादात आकडे खोटे होतात, त्यामुळे तिथे मोजू नका. आरओआयचं, म्हणजे मोजायच्या जागेचं, वर्तुळ गाठीच्या मधोमध ठेवा, कडेला अजिबात भिडवू नका. तीन वेगवेगळ्या स्लाइसवर मोजा. मग तेवढंच वर्तुळ त्याच स्लाइसमध्ये त्वचेखालच्या चरबीवर ठेवून बघा. ही शेवटची गोष्ट मी प्रत्येकाला करायला लावतो. मशीन कुठलं का असेना, डोस कमी का असेना, रुग्ण लठ्ठ असल्यामुळे चित्र कितीही दाणेदार आलेलं असो, रुग्णाची स्वतःची चरबी तुमच्यासमोर कसोटीला हजर असते. ती उणे १०५ दाखवते आणि गाठ उणे ९८ दाखवते, तर दोघी एकच आहेत. गाठ उणे १५ आली तर तिला चरबी म्हणू नका. तिथे चित्रातला गोंगाट असेल, किंवा दोन गोष्टींची सरमिसळ.

आता फसगतीच्या तीन जागा.

पहिली, हवेची सरमिसळ. फुप्फुसात आठ मिलिमीटरचा नोड्यूल (छोटी गाठ) आहे आणि स्लाइस पाच मिलिमीटरचा. वरच्या टोकाच्या स्लाइसमध्ये बराचसा नोड्यूल आणि थोडी हवा येते, दोन्हींची सरासरी निघते आणि आकडा उणे ८० दिसतो. ती चरबी नव्हे. पातळ स्लाइस काढा, म्हणजे खोटी चरबी नाहीशी होते.

दुसरी फसगत नवीन लोकांची अगदी ठरलेली: मीडियास्टायनल विंडोत (मीडियास्टायनम, म्हणजे दोन फुप्फुसांमधली जागा, बघायच्या सेटिंगमध्ये) चरबी आणि हवा एकसारख्याच काळ्या वाटतात. रुंदी ४०० आणि पातळी ४० ठेवली की उणे १६०च्या खालचं सगळं ठार काळं होतं, आणि उणे १००ची चरबी त्याच्या जेमतेम वर असते. मंद मॉनिटरवर, पहाटे तीन वाजता, डोळ्याला तो फरक कळत नाही. लगेच लंग विंडोवर जा. तिथे चरबी उजळ राखाडी दिसेल आणि हवा काळीच राहील. गाठीतल्या त्या ठिपक्याला गळूमधली हवा म्हणायचं की टेराटोमामधली (अनेक प्रकारच्या ऊती असलेल्या गाठीतली) चरबी, हे एका बटणावर ठरतं, आणि दोन्हींची ट्रीटमेंट पूर्ण वेगळी आहे.

तिसरी, कॉन्ट्रास्टच्या रेघा. हातातून घट्ट कॉन्ट्रास्ट जात असताना वरच्या महाशिरेभोवती काळ्या-पांढऱ्या रेघा उठतात. त्या काळ्या रेघेवर वर्तुळ ठेवलं तर वाटेल तो उणे आकडा मिळेल. रेघ आहे का गाठ, हे उशिराच्या फेजवर किंवा कॉरोनल (समोरून कापलेल्या) चित्रात बघा.

पायरी ३: चरबी राहते कुठे?

मीडियास्टायनमसाठी आयटीएमआयजी या थायमसच्या गाठींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाची तीन कप्प्यांची पद्धत वापरा: रक्तवाहिन्यांच्या पुढचा कप्पा, मधला अवयवांचा कप्पा, आणि कण्याच्या बाजूचा. त्याखेरीज डायफ्रॅम, हृदय, फुप्फुस, प्ल्युरा (फुप्फुसाभोवतीचं आवरण) आणि छातीची भिंत. ॲक्सियल (आडव्या कापाच्या) चित्रांवर थांबू नका. कॉरोनल आणि सॅजिटल (बाजूने कापलेली) काढल्याशिवाय घर ठरत नाही.

*पुढचा कप्पा.* वरच्या मीडियास्टायनममध्ये दोन्हीकडे सारखी, मऊ कडेची, एकजीव चरबी पसरलेली आहे, श्वासनलिका किंवा शिरा कुठेच दबलेल्या नाहीत, तर ती लायपोमॅटोसिस. लठ्ठपणात दिसते, कुशिंगमध्ये (शरीरात कॉर्टिसॉल वाढण्याच्या आजारात) दिसते, आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत दिसते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी कसल्याशा गोळ्या आणि पुड्या वर्षानुवर्षं घेणारे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांत स्टेरॉइड असल्याचं त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. विचारा.

थायमोलायपोमाबद्दल वर आलंच. चरबीत मधून मधून थायमसच्या मऊ ऊतीचे धागे दिसतात, आणि गाठ शेजाऱ्यांना ढकलण्याऐवजी त्यांच्या आकाराप्रमाणे स्वतः वळते. क्वचित मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकण्याचा आजार) सोबत असतो, म्हणून संध्याकाळी पापण्या जड होतात का, हे विचारून ठेवा.

याच कप्प्यातली मॅच्युअर टेराटोमा ही तरुण वयातली गाठ. एकाच गाठीत पाणी, चरबी, मऊ ऊती आणि कॅल्शियम, कधी दातासारखा तुकडाही. चरबी वर तरंगते आणि पाणी खाली बसतं, मध्ये सरळ आडवी रेघ. ही रेघ दिसली तर निदान झालंच म्हणा, पण ती थोड्याच रुग्णांत दिसते, तेव्हा तिची वाट बघत बसू नका. टेराटोमा फुटू शकते, कारण तिच्यात स्वादुपिंडासारखी पाचक रस तयार करणारी ऊती असू शकते. अचानक छातीत दुखणं, प्ल्युरामध्ये पाणी आणि त्या पाण्यात तरंगणारे चरबीचे गोळे दिसले, तर सर्जनला त्याच रात्री कळवा. गाठ श्वासनलिकेत फुटून रुग्णाच्या खोकल्यातून केस पडल्याची वर्णनंही आहेत. तरुण मुलाच्या गाठीत मऊ ऊतीचा भाग जास्त असेल, तर रक्तातले एएफपी आणि बीटा-एचसीजी हे ट्यूमर मार्कर तपासायला सांगा; ते वाढलेले असले तर विषय साध्या टेराटोमाचा राहत नाही.

*डायफ्रॅमवरची चरबी.* उजव्या बाजूला, हृदय आणि डायफ्रॅम यांच्या कोनात, चरबीची गाठ दिसली की तीन नावं मनात येऊ द्या: नेहमीची चरबीची गादी, लायपोमा (चरबीची साधी गाठ), आणि मॉर्गाग्नी हर्निया (उरोस्थीमागच्या फटीतून पोटातला भाग छातीत येणं). तिसऱ्याची ओळख पटवणं फार सोपं आहे. चरबीच्या आत बारीक रक्तवाहिन्या दिसतात. त्यांतली एक पकडा आणि सॅजिटल चित्रात खाली खाली जा. ती डायफ्रॅममधल्या फटीतून पोटात उतरली, तर ती ओमेंटमची (पोटातल्या अवयवांवरच्या चरबीच्या पदराची) वाहिनी आहे आणि गाठ म्हणजे पोटातून वर आलेलं ओमेंटम. लायपोमाच्या वाहिन्या अशा खाली उतरत नाहीत.

एवढी एक गोष्ट न बघितल्यामुळे काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. एका रुग्णालयात एका बाईंच्या अशाच ‘गाठी’त सुई घातली गेली, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: प्रौढ चरबी. साहजिकच, ओमेंटम चरबीचंच असतं. पुन्हा बायॉप्सीची तयारी सुरू असताना सीटीची कॉरोनल चित्रं कुणीतरी काढली आणि मोठ्या आतड्याचा एक वेटोळा त्या फटीच्या अगदी तोंडाशी दिसला. सुई दोन सेंटिमीटर इकडे गेली असती तर आतड्यात गेली असती. त्या बाईंना काही झालं नाही. पण तेव्हापासून डायफ्रॅमजवळच्या कुठल्याही चरबीवर मी वाहिनी शोधल्याशिवाय सही करत नाही.

मागच्या बाजूला, बहुतेकदा डावीकडे, बोकडालेक फट असते. वयस्क माणसांत तिच्यातून थोडी चरबी वर डोकावणं सर्रास सापडतं. नोंद करा आणि पुढे जा. अन्ननलिकेच्या बाजूनेही ओमेंटम वर येतं.

*दुखणारी चरबी.* हिच्यासाठी वेगळा परिच्छेद, कारण हिचा रुग्ण घाबरलेला असतो. बरा धडधाकट माणूस, श्वास घेताना डाव्या छातीत सुरीसारखी कळ. ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन नॉर्मल, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी नको म्हणून सीटी केला, तिथेही गुठळी नाही. आता पेरिकार्डियमच्या (हृदयाभोवतीच्या आवरणाच्या) बाहेरच्या चरबीकडे बघा. लंबगोल चरबीचा तुकडा, भोवती पातळ कडा, आजूबाजूला धुरकट रेघा, शेजारचा पेरिकार्डियम किंचित जाड, कधी थोडं प्ल्युराचं पाणी. हा एपिपेरिकार्डियल फॅट नेक्रोसिस; १९५७ मध्ये याचं पहिलं वर्णन झालं. दुखण्यावरच्या गोळ्यांनी तो काही दिवसांत शांत होतो आणि पुढच्या सीटीत विरलेला दिसतो. गुठळी शोधण्याच्या गडबडीत तो सुटून जातो, म्हणून प्रत्येक गुठळीच्या सीटीत शेवटची नजर त्या चरबीवर टाकायची सवय लावून घ्या.

*हृदय.* दोन्ही ॲट्रियमच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या) मधल्या पडद्यात चरबी साचून तो दोन सेंटिमीटरपेक्षा जाड होतो, पण मधला फोसा ओव्हॅलिस हा खळगा मात्र पातळच राहतो; त्यामुळे आकार डंबेलसारखा दिसतो. आकार पटला की दुसरं काही शोधू नका. खालच्या महाशिरेच्या आत, यकृताच्या वर, चरबीचा गोळा दिसला तर कॉरोनल बघा. तो बहुधा शिरेच्या बाहेरचा असतो आणि तिरक्या कापामुळे आत असल्याचा भास होतो. डाव्या व्हेंट्रिकलच्या (खालच्या कप्प्याच्या) आतल्या थरात पातळ चरबीची रेघ ही जुन्या हार्ट अटॅकची खूण असते, रुग्णाला अटॅक आल्याचं माहीत नसलं तरी.

*अन्ननलिका.* मानेच्या भागातून आत लोंबणारा, चरबीचा लांबट पॉलिप असू शकतो. खाकरल्यावर तो तोंडात येऊन श्वास अडण्याचा धोका असतो. साध्या म्हणून सोडलेल्या अशा काही पॉलिपमध्ये नंतर वेल-डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा (चरबीच्या ऊतीचा कॅन्सर) निघाल्यामुळे आता त्यांच्याकडे जास्त काळजीने बघतात.

*कण्याची बाजू.* दोन्ही बाजूंना, मणक्यांना लागून, गुळगुळीत गाठी आणि रुग्णाला थॅलेसेमियासारखा जुना रक्तदोष: अस्थिमज्जेचं काम बाहेर सुरू झालेलं असतं. ती ऊती जुनी आणि निष्क्रिय झाली की तिच्यात चरबी भरते. इथे सुई घातली तर भरपूर रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट बघा.

*प्ल्युरा आणि छातीची भिंत.* लायपोमा, एकजीव, भिंतीशी बोथट कोन करणारा. आणखी एक नाव लक्षात ठेवा: इलास्टोफायब्रोमा. वयस्क बायकांत, खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी, बरेचदा दोन्हीकडे, स्नायूच्या रंगात चरबीच्या रेघा असलेली गाठ. जागा आणि रेघा इतक्या बोलक्या असतात की बहुधा आणखी काही करावं लागत नाही.

पायरी ४: फुप्फुसातली चरबी, आणि आजीला विचारायचे प्रश्न

फुप्फुसातल्या एकट्या नोड्यूलमध्ये चरबी दिसली तर आधी हॅमार्टोमा, म्हणजे फुप्फुसाच्याच ऊतींची साधी गाठ. १९८६ मध्ये सीगलमन आणि सहकाऱ्यांनी पातळ स्लाइसवरचे निकष मांडले: अडीच सेंटिमीटरपर्यंतचा, गुळगुळीत कडेचा नोड्यूल, आत चरबी, किंवा चरबी आणि कॅल्शियम दोन्ही. कॅल्शियम लाह्यांसारखं फुललेलं दिसलं तर उत्तमच. चरबी न दिसणारेही बरेच हॅमार्टोमा असतात, त्यामुळे ‘चरबी नाही म्हणजे हॅमार्टोमा नाही’ असं लिहू नका. आणि रुग्णाच्या मांडीतला किंवा पोटातला लायपोसार्कोमा आधी काढलेला असेल, तर फुप्फुसातली चरबी त्याचं मेटास्टेसिस (पसरलेला कॅन्सर) असू शकते. जुनी ऑपरेशनं विचारल्याशिवाय ‘बेनाइन’ हा शब्द टाइप करायचा नाही.

नोड्यूल नाही, न्यूमोनियासारखा पसरट भाग आहे, आणि त्यात मोजल्यावर उणे ६०, उणे ८० येतं? मग लिपॉइड न्यूमोनिया. तेल फुप्फुसात गेलं आहे. १९२५ मध्ये लॉकलेन यांनी नाकात तेलाचे थेंब घेणाऱ्या रुग्णांमध्ये याचं वर्णन केलं होतं, आणि आपल्या वॉर्डांत तो अजून भेटतो.

सहा महिन्यांचं बाळ. दोनदा न्यूमोनिया म्हणून दाखल, दोनदा अँटिबायोटिक, ताप फारसा नाही, पण श्वास चढलेलाच. सीटीत दोन्ही फुप्फुसांच्या मागच्या भागात डाग, त्यांत चरबीची घनता. बाळ आडवं झोपलेलं असताना तेल मागे उतरतं, म्हणून डाग मागेच. बालरोगतज्ज्ञांनी ‘घरी काही देता का?’ विचारलं तर आईने ‘नाही’ सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. तेल तिच्या लेखी औषध नव्हतं. मी वॉर्डात गेलो तेव्हा आजी पाळण्याजवळ बसल्या होत्या. मी विचारलं, “आजी, बाळाला न्हाऊ कसं घालता?” त्यांनी हौसेने सगळं सांगितलं. आधी मालिश, मग टाळू भरायची, मग पायावर उताणं घेऊन दोन्ही नाकपुड्यांत करंगळीने कोमट खोबरेल, “नाक मोकळं राहतं बघा.” करंगळी कशी धरायची तेही हवेत दाखवलं. निदान तिथे झालं.

आजींना रागावू नका. ती माया आहे, त्यांनी त्यांची सगळी नातवंडं अशीच वाढवली आहेत, आणि तुम्ही आवाज चढवलात तर पुढच्या घरी कुणी काही सांगणार नाही. तेल खोकल्याची उबळ फारशी उठवत नाही, त्यामुळे बाळ ठसकत नाही आणि कुणाला काही कळत नाही, एवढं समजावून सांगा. टाळूला, अंगाला तेल लावा. नाकात, घशात एक थेंबही नको. रडणाऱ्या बाळाला नाक दाबून पाजलेलं तूप किंवा एरंडेलही याच वाटेने जातं.

मोठ्या माणसांना वेगळे प्रश्न: बद्धकोष्ठतेसाठी रात्री झोपताना लिक्विड पॅराफिन घेता का? नाक कोरडं पडतं म्हणून रोज पेट्रोलियम जेली लावता का? नाकात तेल सोडता का? पॅरालिसिसचा झटका येऊन गेला आहे का, गिळताना ठसका लागतो का? आणि ट्रॅक्टरवर किंवा ट्रकवर काम करणाऱ्याला: टाकीतून नळीने डिझेल ओढताना तोंडात आलं होतं का? डिझेलच्या न्यूमोनियात उणे आकडा मिळेलच असं नाही, तिथे माहितीच निदान देते.

ब्रॉन्कोस्कोपी करून धुवण नमुना पाठवायचा ठरलं, तर पॅथॉलॉजीला आधी फोन करा. नेहमीच्या प्रक्रियेतल्या अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते आणि स्लाइडवर रिकामी भोकं उरतात. नमुना ताजा पोहोचला आणि ‘ऑइल रेड ओ करा’ (चरबी रंगवणारा डाय) असं सांगितलेलं असलं, तरच मॅक्रोफेज पेशींमधलं तेल लाल दिसतं. या एका फोनअभावी कितीतरी नमुने वाया जातात.

पायरी ५: चरबीसोबत काय आहे

चरबी निघाली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, कारण लायपोसार्कोमातही चरबी असते. एकजीव चरबी, पातळ कडा, आत काहीच नाही: लायपोमा. आत दोन मिलिमीटरपेक्षा जाड पडदे, कॉन्ट्रास्ट घेणारे मऊ ऊतीचे गोळे, दहा सेंटिमीटरच्या पुढचा आकार, शेजारच्या अवयवात घुसखोरी, किंवा जुन्या सीटीच्या तुलनेत वाढ: यांतलं काहीही दिसलं तर लायपोसार्कोमाचं नाव रिपोर्टमध्ये आलंच पाहिजे. लायपोमामध्येही मार लागून किंवा रक्तपुरवठा तुटून चरबी मरते आणि पडदे जाड दिसतात, त्यामुळे दरवेळी चित्रावरून फरक करता येत नाही. तेव्हा बायॉप्सी हवी, आणि ती गाठीच्या चरबीतून न घेता सर्वांत घट्ट, कॉन्ट्रास्ट घेणाऱ्या भागातून. कुठल्या स्लाइसवरचा कुठला भाग, हे रिपोर्टमध्ये तुम्हीच लिहून द्या. पॅथॉलॉजिस्टना शंका असली तर ते एमडीएम२ जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का, हे फिश (जनुकं चमकवून मोजणाऱ्या) तपासणीत बघतात.

एमआरआय कधी? मऊ ऊतीचा भाग नीट कळत नसेल, कण्याच्या कालव्यात शिरकाव वाटत असेल, किंवा तरुण रुग्णात थायमस वाढलेला आहे की खरी गाठ आहे हा प्रश्न असेल तेव्हा. टी-वन चित्रांवर चरबी पांढरी, फॅट सॅच्युरेशनमध्ये (चरबीचा सिग्नल दाबल्यावर) काळी. केवळ स्टरवर, म्हणजे चरबी दाबण्याच्या दुसऱ्या पद्धतीवर, विसंबू नका. चरबीशी टी-वन जुळणारं रक्त किंवा गॅडोलिनियम घेतलेली ऊतीही स्टरमध्ये दबते. थायमसच्या प्रश्नात इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज चित्रं घ्या: आउटमध्ये सिग्नल पडला तर पेशींत बारीक चरबी मिसळलेली आहे, म्हणजे बहुधा थायमस हायपरप्लेझिया (थायमसची साधी वाढ).

पेट स्कॅनवर चरबी चमकली म्हणून घाबरू नका. तपकिरी चरबी थंड खोलीत जोरात साखर ओढते. मान, खांदे आणि कण्याच्या बाजूला सममित चमक दिसते. हायबरनोमा (तपकिरी चरबीची साधी गाठ) चमकतो, ॲट्रियमचा जाड पडदा चमकतो, लिपॉइड न्यूमोनियाही चमकतो. चमकणाऱ्या जागेखालचा सीटी उघडा आणि एचयू मोजा.

पायरी ६: रिपोर्ट

‘फॅट डेन्सिटी लीजन, क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइझ्ड’ एवढंच लिहून सोडू नका. समोरचा फिजिशियन त्या ओळीने जास्तच गोंधळतो आणि सावधगिरी म्हणून बायॉप्सी मागतो. माप लिहा, एचयू लिहा, त्वचेखालच्या चरबीचा आकडा शेजारी लिहा. घर लिहा. पडदे आणि गोळे आहेत की नाहीत हे स्पष्ट लिहा. आणि पुढे काय करायचं ते सांगा. सुरुवातीच्या त्या उजवीकडच्या मुठीएवढ्या गाठीचा रिपोर्ट असा होईल: ‘उजव्या हृदय-डायफ्रॅम कोनात ७ बाय ५ सेंटिमीटरची, सरासरी उणे १०२ एचयूची एकजीव चरबी, त्वचेखालची चरबी उणे १०६. आतली रक्तवाहिनी उरोस्थीच्या मागच्या २ सेंटिमीटरच्या फटीतून पोटात जाते. मॉर्गाग्नी हर्निया, आत फक्त ओमेंटम, आतडं नाही. मऊ ऊतीचा गोळा नाही. बायॉप्सीची गरज नाही. सर्जनचं मत घ्यावं.’

लिहून झाल्यावर वॉर्डातल्या डॉक्टरला फोन करा. अशा रुग्णाला सकाळच्या बायॉप्सीसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलेलं असतं. बायॉप्सी होणार नाही हे त्यांना लगेच कळू द्या, म्हणजे सिस्टर त्याला चहा-नाश्ता तरी देतील.